किती टन, हे आधी विचारलं

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या बाजूला असलेल्या एका व्यापारी इमारतीसाठी मी निवडलेली सेंट्रल एसी यंत्रणा भंगारात गेली. यंत्रं चांगली होती. बसवणाऱ्यांनी पाइपिंगपासून इन्सुलेशनपर्यंत काम चोख केलं होतं. निवड माझी होती आणि तीच चुकली. वातानुकूलनाचा सल्लागार म्हणून माझं सगळं आयुष्य ठाणे-डोंबिवली-कल्याण या पट्ट्यात गेलं. इथे आता जुन्या वाड्यांच्या आणि बंद कारखान्यांच्या जागी दुकानं, क्लासेस, दवाखाने यांच्या काचेच्या इमारती भराभर उभ्या राहताहेत. त्यांचे नकाशे पाहतो तेव्हा मी केलेल्याच चुका पुन्हा कागदावर दिसतात. आणि त्यांची किंमत बिल्डरला मोजावी लागत नाही की सल्लागाराला. कर्ज काढून गाळा घेणारा माणूस ती वर्षानुवर्षं वीजबिलातून फेडत बसतो. म्हणून तपशिलात लिहितो आहे.

इमारत तळमजला अधिक पाच. खाली दुकानं आणि एक बँक, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर क्लासेस, तिसऱ्यावर पॅथॉलॉजी लॅब आणि दातांचा दवाखाना, वर सीए आणि वकिलांची ऑफिसं. प्रत्येक गाळ्याचा मालक वेगळा. भारनियमनाची वर्षं नुकतीच सरली होती, आपल्याकडे लावलेला एसी दिवसभर चालेल अशी खात्री लोकांना कुठे वाटू लागली होती. बिल्डरला माहितीपत्रकात ‘सेंट्रल एसी’ छापायचं होतं. पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, “साहेब, किती टन लागेल?” आणि मी लगेच कॅल्क्युलेटर काढला.

टन हे आमच्या धंद्यातलं थंडाव्याचं माप. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी बाहेर काढण्याची ताकद, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. भिंती, गच्ची, पश्चिमेची काच, दिवे, कॉम्प्युटर, माणसं अशी सगळी उष्णता मांडून मी दीडशे टनांवर आलो. मग ८० टनांचे दोन वॉटर-कूल्ड चिलर, म्हणजे इमारतभर फिरवायचं पाणी गार करणारी यंत्रं, खाली पंप, गच्चीवर कूलिंग टॉवर. कागदावर या निवडीला तोड नव्हती. पाण्याने थंड होणारा स्क्रू चिलर पूर्ण भारावर टनामागे साधारण ०.६५ किलोवॅट वीज घेतो. हवेने थंड होणारा १.२ च्या आसपास. मी तो तक्ता बिल्डरपुढे ठेवला आणि वीजबिल निम्म्यावर येईल असं सांगितलं. तक्ता खोटा नव्हता. तो पूर्ण भाराचा होता, आणि ती इमारत पूर्ण भारावर कधी चाललीच नाही.

क्लासची पहिली बॅच सकाळी सातला, कॉलेजच्या आधी. मग दुपारभर वर्ग रिकामे, पुन्हा संध्याकाळी पाच ते साडेनऊ. उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांसाठी लॅब साडेसहाला उघडायची. बँक संध्याकाळी बंद. वकील दिवसभर कोर्टात आणि संध्याकाळी ऑफिसात. सीएंची ऑफिसं एरवी सहाला बंद, पण रिटर्न भरायच्या मुदतीच्या दिवसांत रात्री अकरा वाजले तरी दिवे चालू. रविवारी लॅब आणि क्लासच्या टेस्ट, बाकी सगळीकडे कुलूप. मे महिन्यात सगळ्यात कडक ऊन, आणि नेमके तेव्हाच क्लासेस सुट्टीवर.

त्यामुळे भर दुपारी इमारतीला जेमतेम वीस-पंचवीस टन लागायचे, रविवारी सकाळी त्याहूनही कमी. ८० टनांचा तो चिलर पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरत नव्हता. मग तो बंद पडायचा, पुन्हा चालू व्हायचा, पुन्हा बंद. चिलर कितीही कमी चालला तरी पाणी फिरवणारे पंप आणि टॉवरचा पंखा मात्र पूर्ण वेगाने फिरत, कारण वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह मी फक्त शिफारशीत लिहिले होते, आग्रह धरला नव्हता. एका लॅबच्या दहा टनांसाठी सगळा बारदाना हलायचा. माझा टनामागे ०.६५ चा आकडा अशा दिवशी दोनच्या पुढे जात होता.

बिलाची वाटणी चौरस फुटांवर होती. सोसायटीच्या एका सभेला मला बोलावलं. चौथ्या मजल्यावरचे सीए उठून म्हणाले, “आमचं ऑफिस रविवारी बंद. मग रविवारचा एसी आमच्या माथी का?” लॅबच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “माझ्या मशीनच्या खोलीत तापमान वर गेलं की तपासणी थांबते. पेशंटला काय सांगू, सोसायटीत भांडण आहे म्हणून रिपोर्ट नाही?” दोघांचंही बरोबर होतं. यावर उपाय यंत्रणेतच असतो. प्रत्येक गाळ्यात जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह आणि जाताना-येतानाच्या तापमानातला फरक मोजणारा मीटर लावला की कोणी किती थंडावा वापरला ते कळतं. आम्ही त्याला बीटीयू मीटर म्हणतो. माझ्या पहिल्या अंदाजपत्रकात ते मीटर होते. बिल्डरने खर्च कमी करायला सांगितला, तेव्हा मी स्वतःच्या पेनाने त्या ओळीवर काट मारली होती. थंडाव्यात त्याने काही फरक पडणार नव्हता, एवढाच विचार मी केला. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वितुष्ट येईल हे माझ्या हिशेबात नव्हतं. सभेत मी ते सांगितलं. कोणी काही बोललं नाही, पण नंतर मीटर बसवायला पाइप कापावे लागणार होते आणि त्या खर्चावरून पुन्हा वाद झाला.

पाण्याचं तर मी त्याहून कमी विचारात घेतलं होतं. कूलिंग टॉवर पाण्याची वाफ करूनच उष्णता बाहेर टाकतो. एका टनामागे ताशी साडेसहा लिटरच्या आसपास पाणी वाफेत जातं, शिवाय क्षार साचू नयेत म्हणून थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं. शंभर टन दहा तास चालले की आठ-नऊ हजार लिटर, म्हणजे जवळपास रोज एक टँकर. डोंबिवलीत उन्हाळ्यात पाणीकपात होते, दुरुस्तीसाठी दिवस-दिवस पुरवठा बंद राहतो, घराघरात बाया हंडे मोजतात. अशा गावात वाफ करायला पाणी आणायचं कुठून? सोसायटीने बोअरवेलचं पाणी वापरलं. ते जड. पहिल्याच वर्षात कंडेन्सरच्या नळ्यांत पांढरा थर बसला, दाब वाढून चिलर ट्रिप होऊ लागला. नळ्या साफ करताना मी तिथे उभा होतो. ब्रशबरोबर चुन्याचे कपचे बाहेर पडत होते. पाणी मऊ करणारं यंत्र बसवलं, पण त्याची देखभाल करणारा माणूस महिनाभरात सोडून गेला.

शेवटी लोकांनी आपापला मार्ग काढला. आधी लॅबने स्वतःचे स्प्लिट लावले, मग क्लासने, मग सगळ्यांनीच. इमारतीच्या देखण्या दर्शनी भागावर वेड्यावाकड्या आउटडोअर आल्या, ड्रेनच्या पाइपांचं पाणी खालच्या दुकानाच्या बोर्डावर ठिबकू लागलं. जेवढे लोक बाहेर पडले तेवढा उरलेल्यांवरचा बोजा वाढला. काही वर्षांनी सभेत ठराव झाला आणि चिलर विकले गेले.

वॉटर-कूल्ड चिलर वाईट असा याचा अर्थ नाही. एकच मालक असलेलं मोठं रुग्णालय किंवा मॉल, जिथे दिवसभर भार टिकून असतो, पाण्याची सोय पक्की असते आणि पगारी माणूस यंत्रावर असतो, तिथे आजही मी तोच सुचवेन. माझी चूक यंत्राची नव्हती, क्रमाची होती. कोण, किती वाजता, किती वेळ बसणार आणि बिल कोणाच्या नावावर येणार, हे विचारायच्या आधी मी टन विचारले.

मला हे कोणी शिकवलंच नव्हतं, असंही नाही. ठाण्यात पोखरण रोडवर व्होल्टास आणि ब्लू स्टारचे कारखाने होते. त्या काळात घडलेले एसीचे मेकॅनिक ठाण्याच्या गल्लोगल्ली भेटायचे. त्यांतल्या एका वयस्कर मेकॅनिककाकांबरोबर मी सुरुवातीला फिरलो. नव्या जागी गेले की ते आधी वॉचमनजवळ बसायचे. कोण किती वाजता येतं, किल्ली कोणाकडे असते, लाइट गेली की काय करतात, सगळं विचारायचे. मला तो वेळेचा अपव्यय वाटे. टेप काढून भिंती मोजायची माझी घाई असे.

डोंबिवलीत पोळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. आता सगळीकडे व्हीआरएफ. एक आउटडोअर, तिला जोडलेली अनेक इनडोअर, आणि गरजेइतकाच वेग घेणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर. पाण्याची गरजच नाही. कमी भारावर ही यंत्रणा खरोखर चांगली चालते. जपानमध्ये दायकिनने १९८२ मध्ये ती बाजारात आणली ती अशाच, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या खोल्या वापरणाऱ्या इमारतींसाठी. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एका जुन्या कारखान्याच्या जागी ऑफिसांची इमारत होत होती, तिथे मी व्हीआरएफ दिलं. प्रत्येक मालकाची आउटडोअर वेगळी, त्याच्याच मीटरवर. बिलाचा प्रश्न मिटला होता.

आउटडोअर कुठे ठेवायच्या हे मात्र मी आर्किटेक्टवर सोडलं. दर्शनी भाग स्वच्छ दिसावा म्हणून त्यांनी इमारतीच्या मागे एक अरुंद शाफ्ट दिला, प्रत्येक मजल्यावर त्यात एक-एक प्लॅटफॉर्म आणि बाहेरून आडव्या पट्ट्यांची जाळी. नकाशावर जागा पुरत होती. मी सही केली. एप्रिल आला आणि वरच्या तीन मजल्यांवरची यंत्रं दुपारी दोनच्या सुमारास हाय प्रेशरवर ट्रिप होऊ लागली. कंपनीच्या माणसांनी गॅस तपासला, सेन्सर बदलले. काही निघालं नाही.

मग आमच्याकडचा तंत्रज्ञ पोरगा अगरबत्तीचा पुडा घेऊन आला. आम्ही चौथ्या मजल्याच्या प्लॅटफॉर्मवर उतरलो. आत पाऊल टाकताच चष्म्याची काडी कानाला चटका देऊ लागली. त्याने आउटडोअरच्या पंख्यासमोर अगरबत्ती धरली. धूर जाळीच्या पट्ट्यांवर आपटला, बाहेर न जाता वर वळला आणि पाचव्या मजल्यावरच्या यंत्राच्या मागच्या कॉइलमध्ये सरळ ओढला गेला. “साहेब, खालचा श्वास वरचा घेतोय,” तो म्हणाला. थर्मामीटर वरच्या यंत्राजवळ धरला तर हवा ४९ अंश. बाहेर रस्त्यावर ३७. प्रत्येक यंत्र खालच्याने फेकलेली गरम हवाच पुन्हा आत घेत होतं, आणि वर जाल तसं ते तापमान चढत जात होतं. यंत्राची पाटी वाचून मी ठरवलेली क्षमता बाहेरच्या ३५ अंशांवर मोजलेली होती.

आडव्या पट्ट्या काढून टाकल्या, पंख्यांपुढे पत्र्याचे हूड लावून हवा थेट बाहेर फेकली, सर्वांत वरच्या दोन मजल्यांची यंत्रं गच्चीवर नेली. तांब्याचे पाइप नव्याने टाकावे लागले. खर्चाचा काही भाग मी माझ्या फीमधून दिला. पण तो उन्हाळा त्या ऑफिसांतल्या माणसांनी पंख्याखाली काढला, तो काही मला परत देता आला नाही. हल्ली मी आउटडोअरची जागा ठरल्याशिवाय यंत्रणेवर बोलतच नाही. हवा कुठून येणार, कुठे जाणार, आणि मेकॅनिक तिथे उभा राहून काम करू शकेल का? ठाण्यात शाफ्टमध्ये दोरीला लटकून सर्व्हिसिंग करणारी पोरं मी पाहिली आहेत. नकाशात त्यांच्यासाठी अडीच फुटांची जागा सोडणं हे सल्लागाराचं काम आहे, आणि ते न करणं हा मी गुन्हाच मानतो.

तिसरी गोष्ट लहान दिसते, पण डोंबिवलीकरांना ती पटकन कळेल. एमआयडीसीच्या निवासी भागाला लागून, एका नाल्याच्या काठी असलेल्या दवाखान्याला मी साधे स्प्लिट आणि कॅसेट दिले होते. वर्षभरात गॅस उडाला. भरला, पुन्हा उडाला. मालक डॉक्टर मला फोनवर म्हणाले, “दादा, दर उन्हाळ्यात गॅस भरायचा असेल तर तसं आधी सांगायचं.” मी सर्व्हिसवाल्यांना दोष देत राहिलो. शेवटी स्वतः जाऊन इनडोअरचं झाकण काढलं, तर तांब्याच्या नळ्या काजळी धरल्यासारख्या काळ्या पडलेल्या. सांडपाण्यातून आणि काही कारखान्यांतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला लागला की कॉपर सल्फाइडचा काळा थर बनतो, धातू पोखरला जातो, आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांतून गॅस निसटतो. ज्या गावात जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, त्या गावात हवेत काय आहे याची चौकशी न करता मी उघड्या तांब्याची कॉइल निवडली. कुठलंही उपकरण लागत नव्हतं. संध्याकाळी नाल्याच्या पुलावर उभं राहिलो असतो तरी नाकाने सांगितलं असतं. अशा जागी आता मी गंजरोधक लेप दिलेल्या कॉइल मागतो, आउटडोअर नाल्याच्या विरुद्ध बाजूला ठेवतो आणि मालकाला स्पष्ट सांगतो की इथे यंत्राचं आयुष्य कमीच असणार.

दमटपणाकडे मी बरीच वर्षं दुर्लक्ष केलं, आणि आपल्या भागात खरी लढाई त्याच्याशीच आहे. १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगून रंग एकमेकांवर नीट बसत नव्हते, म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने हवेतलं पाणी काढणारी यंत्रणा तयार केली. आधुनिक वातानुकूलन तिथून सुरू झालं. आपल्याकडे जुलैत बाहेर जेमतेम २८-२९ अंश असतात, पण हवा पाण्याने भरलेली. मी मे महिन्यातल्या उन्हाचा हिशेब करून, वर ‘असू दे थोडं जास्त’ म्हणून मोठी यंत्रं देत असे. पावसाळ्यात ती पाच-सात मिनिटांत खोली गार करून बंद पडत. तेवढ्या वेळात कॉइलवर पाणी पुरेसं जमतच नसे. खोली गार पण चिकट. फाइलींना बुरशी, छताच्या पीओपीवर काळे डाग, आणि लोक रिमोट १८ वर नेऊन कुडकुडत बसलेले. २०२० पासून स्टार लेबलच्या एसींचं मूळ सेटिंग २४ अंशांवर आलं आहे, ते योग्यच आहे. पण हवा कोरडी झाली नाही तर २४ वर कोणी थांबत नाही.

आणि ताजी हवा. पन्नास मुलांची बॅच बसली की नुसत्या शरीरांची उष्णता साडेसहा किलोवॅट, म्हणजे जवळपास दोन टन. त्यांना श्वासासाठी माणशी सेकंदाला सात-आठ लिटर बाहेरची हवा लागते. जुलैत अशा दर हजार घनमीटर हवेमागे दहा-अकरा लिटर पाणी काढावं लागतं. त्याला वेगळं यंत्र, वेगळी वीज. म्हणून क्लासवाले खिडक्या सीलबंद करून स्प्लिट लावतात आणि मीही पूर्वी तसंच दिलं. एकदा बॅच सुटायच्या वेळी अशा वर्गात कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवला, तर आकडा तीन हजार पीपीएमच्या वर. बाहेर तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. मुलं पेंगत होती. सर त्यांच्यावर ओरडत होते की लक्ष नाही. ज्यांनी मोठी फी भरली त्यांच्या पोरांना आम्ही मिळून त्या हवेत बसवलं होतं.

कल्याणला खडकपाड्याजवळ अलीकडे एका क्लासचं काम आलं. आधी वेळापत्रक मागितलं, बॅचेसची संख्या विचारली, वॉचमनशी बोललो. प्रत्येक मजल्याला छोटं व्हीआरएफ, आउटडोअर गच्चीवर मोकळ्या हवेत, आणि ताज्या हवेसाठी उष्णता परत मिळवणारं वेगळं यंत्र. मालकांनी अंदाजपत्रक परत पाठवलं ते ताज्या हवेच्या ओळीवर लाल रेघ मारून. “खिडक्या आहेत की, गरज पडली तर उघडतील,” त्यांनी लिहिलं होतं. मी त्यांना भेटून आकडे दाखवले, मीटर त्यांच्याच जुन्या वर्गात लावून दाखवला. त्यांना ते पटलं, पण खर्च पटला नाही. मी ती रेघ मान्य करून सही दिली नाही. काम दुसऱ्या सल्लागाराला मिळालं. निघताना मोजमापं आणि बॅचेसचं वेळापत्रक मी त्यांच्या हाती दिलं, आणि त्या यंत्रासाठी छतात जागा आणि भिंतीत दोन भोकं तरी आत्ताच ठेवा, एवढं सांगून आलो.